चिंचेने घासलेला सम्राट

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण म्हणून नव्हे, बाबांना कमी ऐकू यायचं म्हणून. मिशिगनमधल्या ट्रॉय गावाजवळच्या एका कारखान्यात ते डायचे इंजिनिअर होते. ज्या पोलादी ठशांमध्ये पत्रा दाबला की गाडीचा दरवाजा तयार होऊन बाहेर पडतो, ते ठसे बनवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हे त्यांचं काम. तिथल्या प्रेस दिवसभर धाडधाड आदळायच्या, आणि कानात बोळे घालणं बाबांना कमीपणाचं वाटायचं. त्यामुळे "जरा मीठ द्या" हे साधं वाक्यसुद्धा आमच्याकडून शेजारच्या लॉनपर्यंत पोचायचं. भारतातून फोन आला की मग विचारायलाच नको. नाशिकचा माझा मामा तिकडून ओरडायचा, "कमे, ऐकू येतंय का?" आणि आई इकडून ओरडायची, "येतंय रे, अख्ख्या मिशिगनला येतंय." आईचं नाव सुनंदा. मामा तिला कमे का म्हणतो, हे मी कधी विचारलं नाही. कुणी घरात बेबी असते, कुणी छकुली असते, तसं हे काहीतरी लाडाचं असेल असं मी धरून चालले होते.

शनिवारची सकाळ आईची. स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी बसलेली असायची, बाबा पेपर उघडून गाड्यांच्या खपाच्या बातम्या मोठ्याने वाचत बसायचे, आणि आई देव घासायला घ्यायची. देव म्हणजे देव आणि त्यांचा सगळा संसार: ताम्हन, पळी, पंचपात्र, निरांजन, घंटा आणि गंगेचा सीलबंद गडू. सिंकशेजारी जुना टॉवेल पसरून त्यावर ती हे सगळं मांडायची. चिंचेचा गोळा कोमट पाण्यात भिजवलेला असायचा, बाजूला जाडं मीठ. जवळच्या नोव्हाय गावातल्या एका काकूंनी तिला तांबं-पितळ चमकवायचं तयार क्रीम आणून दिलं होतं. ते तिने बाथरूमचे नळ पुसायला ठेवलं. देवांना चिंचच. तिच्या हातून निघालेल्या ताम्हनात तोंड दिसायचं, आणि ते बघताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते एरवी त्या घरात फारसं बघायला मिळायचं नाही. तिला इंग्रजी बेताचं यायचं, गाडी ती फक्त ओळखीच्या रस्त्यांवर चालवायची, आणि बाहेर कुठे गेलो की बाबांच्या किंवा माझ्या अर्धं पाऊल मागे राहायची. चिंच हातात असताना मात्र ती कुणाच्या मागे नसायची.

त्या वर्षी आमच्या घरात एकच विषय पेटलेला होता, तो म्हणजे आमचं आडनाव. टांकसाळे. मराठी माणसाला त्यात काही वावगं दिसणार नाही, पण इंग्रजी स्पेलिंग एकदा अमेरिकन डोळ्यांनी वाचून बघा. टँक सेल. रणगाड्यांचा सेल. शाळेत हजेरी घेताना नवीन सर किंवा बाई माझ्यापाशी आल्या की एक क्षण थांबायच्या, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणायचं, "बाय वन, गेट वन फ्री." माझ्या लॉकरवर एकदा कुणीतरी रणगाड्याचं चित्र चिकटवलं होतं, खाली पन्नास टक्के सूट. आज मला त्यात थोडी गंमत दिसते. सोळाव्या वर्षी दिसली नव्हती. मला रडू यायचं, आणि रडू येतंय याचा राग यायचा.

आणि नेमकं तेव्हाच आमचं सिटिझनशिपचं चाललं होतं. आईबाबांचे इंटरव्ह्यू व्हायचे होते. कुठूनतरी मला कळलं की नागरिक होताना माणसाला नाव बदलता येतं. कोर्ट नाही, वकील नाही, खर्च नाही. इंटरव्ह्यूत विचारतील तेव्हा फक्त हो म्हणायचं आणि नवं नाव सांगायचं. मी नवं आडनाव शोधूनही ठेवलं होतं, टॅन्स्ली. टांकसाळेच्या जवळचं, म्हणजे बाबांना फार लागणार नाही, असा माझा हिशेब. तुम्ही बदललंत की माझंही होऊन जाईल, अशी माझी रोज जेवताना भुणभुण. बाबा आमटी ओरपत म्हणायचे, "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं." त्यांना तेवढं मात्र कधीच ऐकू यायचं नाही.

आता लॅटिनबद्दल. मी लॅटिन घेतलं याचं श्रेय समोरच्या गल्लीतल्या शहाकाकांच्या मुलाला. तो मेडिकलला गेला आणि त्याने शाळेत लॅटिन घेतलं होतं, एवढ्या पुराव्यावर बाबांनी निकाल दिला. आमचे लॅटिनचे सर होते मिस्टर बॉमन. उंच, वाकलेले, कोपरांवर ठिगळं लावलेला कोट, आणि खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या. त्यांच्याकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात रोमन नाणी होती, स्वतःची, वर्षानुवर्षं जमवलेली. त्यांतली बरीचशी काळपट, झिजलेली, फार किमतीची नव्हती. पण ती त्यांची होती. एका शुक्रवारी त्यांनी डबा वर्गात फिरवला, प्रत्येकाला एकेक नाणं घ्यायला लावलं आणि म्हणाले, हे घरी न्या, सोमवारी परत आणा. चेहरा कुणाचा आहे हे मला सांगू नका, ते सगळेच सांगतात. नाणं कुणी पाडलं ते सांगा.

माझ्या हाताला आलेलं नाणं ऑगस्टसच्या काळातलं होतं. तांब्याचं, आपल्या जुन्या रुपयाहून जरा मोठं, आणि वर गडद हिरवट गुळगुळीत थर. एका बाजूला सम्राटाचं डोकं. दुसऱ्या बाजूला चित्रच नव्हतं. मधोमध एस आणि सी अशी दोन मोठी अक्षरं, म्हणजे सिनेटच्या ठरावाने, आणि कडेने गोल फिरत गेलेलं एका माणसाचं नाव. हा माणूस राजा नव्हता, सेनापती नव्हता. टांकसाळीवर नेमलेल्या तिघांपैकी एक होता. बॉमन सरांनी सांगितलं होतं की ही चांगल्या घरातली तरणी पोरं असायची, नोकरीची पहिली पायरी म्हणून इथे लागायची. नावापुढे त्यांचा हुद्दा आद्याक्षरांत लिहिलेला असायचा, आणि त्याचा अर्थ होता तांबं, चांदी, सोनं वितळवून ठोकणाऱ्या तिघांपैकी. जगाचा बादशहा एका बाजूला आणि त्याचा कारकून दुसऱ्या बाजूला, तेही अख्खी बाजू अडवून. मला हे फार आवडलं.

संध्याकाळी मी ते नाणं जेवणाच्या टेबलावर ठेवलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून ते डोळ्यांजवळ धरलं आणि क्षणात म्हणाले, "हे स्क्रॅप आहे."

"बाबा, इट्स टू थाउजंड इयर्स ओल्ड!"

"असेल. पण बघ ना, डोकं एका बाजूला सरकलंय. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये तापवलेली चकती, आणि वरून घण. चकती नीट बसली नव्हती आणि यांनी ठोकलं. आमच्याकडे इन्स्पेक्शनला हा पीस पास झालाच नसता." मग नाणं उलटून त्यांनी नाव बघितलं, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. खाली म्हणजे साध्या माणसाच्या आवाजाइतका. "नाव टाकलंय बघ पठ्ठ्याने. आमच्या डायवर नुसता नंबर असतो."

मी त्यांना त्या माणसाचा हुद्दा सांगितला. बाबा माझ्याकडे बघतच राहिले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, हा तर टांकसाळे!"

मला खरंच माहीत नव्हतं. टांकसाळ हा शब्द मी ऐकला होता तो "इथे काय पैशांची टांकसाळ लागलीय?" एवढ्यापुरता, नवे बूट मागितले की. बाबांनी सांगितलं की आपल्या पूर्वजांपैकी कुणीतरी एका सरदाराच्या टांकसाळीवर कामाला होता. सरदार गेला, टांकसाळ गेली, तिथे आता एस्टीचा डेपो आहे. नाव तेवढं राहिलं. "आमचे पूर्वज पैसे पाडायचे," ते म्हणाले, "मी दरवाजे पाडतो." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आणि तुला व्हायचंय टॅन्स्ली."

मी काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. "यू डोन्ट हॅव टू गो टू माय स्कूल," मी म्हणाले. "तुम्हाला कोणी रोज टँक सेल म्हणत नाही."

"मला टँकच म्हणतात. हे टँक, कम हिअर."

"आणि तुम्हाला चालतं?"

बाबांनी नाणं टेबलावर ठेवलं. आईने भात वाढला आणि दोघांच्या पानात न विचारता तूप घातलं. मी ताट तसंच ठेवून वर गेले. नाणं टेबलावरच राहिलं.

सकाळी खाली आले तेव्हा पोह्यांचा वास येत होता आणि टॉवेलवर देव ओळीने वाळत होते. लखलखीत ताम्हन, लखलखीत पळी, आणि पळीच्या शेजारी एक लहान गुलाबी चकती. मला आधी ओळखूच आली नाही.

"तुझं ते नाणं बाई, काय घाण बसली होती त्याच्यावर!" आई आनंदाने म्हणाली. "हिरवं पडलं होतं नुसतं. दोनदा चिंच लावली तेव्हा कुठे निघालं. आता बघ कसं दिसतंय, सरांना म्हणावं."

मी नाणं उचललं. तो हिरवा थर म्हणजे घाण नव्हती. दोन हजार वर्षांत तांब्यावर आपोआप चढलेली साय होती ती, आणि नाणी जमवणारे लोक तिच्यासाठी जीव टाकतात. अक्षरांच्या कडासुद्धा त्या थरातच उरलेल्या होत्या. सम्राटाचं नाक, कान, मान, सगळं शाबूत होतं, उलट तो जरा टवटवीतच दिसत होता. पण मागे फिरवून बघितलं तर मधली दोन मोठी अक्षरं तेवढी होती आणि कडेचं नाव घासून सपाट झालं होतं. शेवटची तीन अक्षरं कशीबशी दिसत होती.

मी पुढे दातांची डॉक्टर झाले. घासण्याला माझ्या धंद्यात मोठा मान आहे, आणि तरी रोज कुणा ना कुणा पेशंटला मी सांगते की इतकं जोर लावून घासू नका, वरचा थर गेला की परत येत नाही. सांगताना मला प्रत्येक वेळी ते ताम्हन आठवतं आणि मी मनात हसते. त्या दिवशी मात्र हसू नव्हतं. मी काय काय बोलले ते इंग्रजीत बोलले, भराभर, म्हणजे आईला सगळं कळणार नाही. तिला सगळं कळलं. तिचा चेहरा इतका उतरला की बाबा पेपर टाकून उठले. ते म्हणाले, मी सरांना फोन करतो, दुसरं नाणं विकत घेऊन देऊ. आई म्हणाली, "तुम्ही कशाला? मी घासलंय, मी सांगणार."

सोमवारी शाळा सुटल्यावर ती आली. पंजाबी ड्रेस, वर बाबांचं जाड जाकीट, हातात शंकरपाळ्यांचा डबा. ओळखीचा नसलेला रस्ता ती एकटी चालवत आली होती. वर्गाकडे जाताना ती पुटपुटत होती, "आय वॉश. आय डोन्ट नो. आय अ‍ॅम व्हेरी सॉरी." आणि त्या दिवशी अर्धं पाऊल पुढे ती होती, मी मागे.

बॉमन सरांनी नाणं तळहातावर घेतलं. उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. मला वाटलं होतं ते हसून सोडून देतील, अमेरिकन माणसं म्हणतात तसं नो प्रॉब्लेम म्हणतील. ते तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, हे गेलं. मग विचारलं, कशाने घासलं?

"चिंच," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, टॅमरिंड. सरांनी तो शब्द पुन्हा उच्चारला, आणि त्यांच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. तीस वर्षं मी मुलांना नाणं साफ करू नका म्हणून सांगतोय, ते म्हणाले. व्हिनेगर सांगितलं, टूथपेस्ट सांगितली. हे माझ्या यादीत नव्हतं.

"द नेम," आई म्हणाली. "मॅन्स नेम. ऑल फिनिश?"

नाही, सर म्हणाले, त्याचं नाव दुसऱ्या नाण्यांवर आहे, पुस्तकांत आहे. त्यांनी ते सांगितलंसुद्धा. ते नाव आज मला आठवत नाही. आईला शेवटपर्यंत आठवायचं, मुळीच रोमन नसलेल्या उच्चारात. नाव शाबूत आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, आणि तिने डबा पुढे केला. सर शंकरपाळं खात खात सांगू लागले की ही नावं तशीही फार वर्षं टिकली नाहीत. त्याच ऑगस्टसच्या हयातीत ती नाण्यांवरून गेली. टांकसाळ चालू, माणसंही कामावर, फक्त नाव घालायचं बंद झालं. का बंद केलं, ते कुठे लिहिलेलं नाही. मी हे आईला मराठीत सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दे डिड नॉट से एनीथिंग? दीज मेन?"

म्हणाले असतील, सर म्हणाले. कुणी लिहून ठेवलं नाही.

आई मान हलवत राहिली. मग एकदम म्हणाली, "माय हजबंड्स फॅमिली, सेम जॉब. टांकसाळे मीन्स धिस." आणि नाण्यावर बोट ठेवलं. सरांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वर्षभर त्यांच्यापासून काहीतरी लपवत होते. त्यांनी आईला तो शब्द तीनदा म्हणायला लावला. ळ काही त्यांना जमला नाही, पण टँक आणि सेल मात्र त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून कायमचे गेले.

नाणी ठेवायला त्यांच्याकडे पुठ्ठ्याच्या लहान चौकोनी चौकटी होत्या. एकीत त्यांनी ते गुलाबी नाणं बसवलं आणि पेन उघडलं. नाण्यावर ज्याने काम केलं त्याचं नाव हवं, ते म्हणाले, आठवडाभर मी हेच शिकवतोय. साफ करणारी, मिसेस टांकसाले. पहिलं नाव काय?

"सुनंदा," मी म्हणाले.

"कमल," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. "आई, ही मीन्स युअर नेम."

"कळलं मला. कमल लिहायला सांग त्यांना."

गाडीत बसल्यावर तिने किल्ली लगेच फिरवली नाही. माझं माहेरचं नाव कमल, ती म्हणाली. तुझ्या आजीचं, म्हणजे सासूबाईंचं नावही कमल. एका घरात दोन कमल कशा चालणार? सासूला हाक मारल्यासारखं व्हायचं. म्हणून लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरले, बाबांच्या हातात अंगठी दिली, आणि त्यांनी अंगठीने तांदळात लिहिलं, सुनंदा. सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले. मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं माझं नाव.

"मग?"

"मग काय? ताट उचललं. तांदूळ डब्यात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच भात झाला असेल." ती हसली, पण नीट हसली नाही. "माझा दादा तेवढा अजून कमे म्हणतो. तो गेला की संपलं."

आयुष्यभर ज्या बाईला मी हाक मारत होते तिचं नाव मला सोळाव्या वर्षी, शाळेच्या पार्किंगमध्ये कळत होतं. मी म्हणाले, तू काही बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मला विचारलं कुठे कोणी? तुला टाकायचंय ना आडनाव, टाक हो. मी मध्ये येणार नाही. तुला विचारतायत तरी." मग तिने गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी आपणहून विषय काढला, "मग काय, टॅन्स्ली?" मी म्हणाले, राहू दे. त्यांना ते पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

इंटरव्ह्यू दोघांचे वेगवेगळे झाले. आई बाहेर आली आणि नुसतं "झालं" म्हणाली. इतके सगळे प्रश्न तिने इंग्रजीत निभावले याचंच आम्हाला इतकं कौतुक की आणखी काही विचारायचं सुचलंच नाही.

शपथविधी डेट्रॉइटच्या कोर्टात होता. उंच छत, गुळगुळीत बाकं, देशोदेशीची माणसं आपापल्या ठेवणीतल्या कपड्यांत. आईबाबा पुढच्या रांगेत, मी त्यांच्या बरोब्बर मागे. आईने मोरपंखी पैठणी नेसली होती आणि हात मांडीवर घट्ट धरले होते. क्लार्क एकेक नाव पुकारत होता, त्याच्या तोंडी प्रत्येक नावाची नवीनच भाषा होत होती, आणि ज्याचं त्याने ओळखून उठायचं होतं. बाबांचं नाव झालं. टँक सेल. बाबा ऐटीत उभे राहिले. मग क्लार्कने पुढचं पुकारलं, जरा अडखळत, पण स्वच्छ.

"कमल टँक सेल."

बाबा दचकले. आजीला जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. त्यांनी मान वळवून दरवाजाकडे बघितलं, मग आईकडे वाकून कुजबुजले. बाबांचं कुजबुजणं म्हणजे साऱ्या कोर्टाला ऐकू जाणारं बोलणं.

"अगं, हे आईचं नाव का घेतायत?"

"माझं घेतायत," आई म्हणाली, तितक्याच मोठ्याने, आणि पदर सारखा करून उभी राहिली.